मोकळं गॅडोलिनियम

लालबाग,
12 जुलै

मुक्ता,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. एवढं उत्तर मोबाइलवर टाइप करणं माझ्या अंगठ्यांना झेपायचं नाही, म्हणून सरळ कागद घेतला. तू विचारतेस, परळला काकूच्या एमआरआयच्या वेळी शिरेतून जे इंजेक्शन दिलं त्यात गॅडोलिनियम, आणि लॅबमध्ये सरांनी तुझ्या हातात दिलेल्या बाटलीवरही गॅडोलिनियम क्लोराइड. मग बाटलीला हातमोज्यांशिवाय शिवायचं नाही आणि काकूला थेट रक्तात, हे कसं काय?

धातू एकच गं. काकूच्या अंगात तो बांधून सोडला होता, तुझ्या बाटलीत मोकळा आहे. सगळी गोम तिथेच आहे.

मंगळवारी सिद्धिविनायकाच्या रांगेत ताटकळताना जवळच इंडियन रेअर अर्थ्सची इमारत दिसते, आठवते? आता कंपनीचं नाव आयआरईएल झालंय. 1950 साली निघालेली सरकारी कंपनी. केरळच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूतलं मोनाझाइट फोडून त्यातून दुर्मिळ मृदा धातू वेगळे काढायचे, हा तिचा मूळ धंदा. गॅडोलिनियम त्याच घराण्यातलं. 1880 मध्ये जिनिव्हाच्या मारिन्याकला ते सापडलं, नाव मात्र फिनलंडच्या योहान गाडोलिनचं लागलं.

या धातूचे दोन गुण लक्षात ठेव. पहिला, त्याच्या आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीदाराविना, एकेकटे असतात. त्यामुळे तो इवलासा चुंबक होतो, आसपासच्या पाण्यातले हायड्रोजन रेडिओलहरींच्या झटक्यातून लवकर सावरतात आणि स्कॅनमध्ये ती जागा उजळ दिसते. काकूच्या कामाचा गुण हा. दुसरा तुझ्या कामाचा: मापाने तो जवळजवळ कॅल्शियमएवढा, पण विद्युतभार दोनऐवजी तीन. म्हणजे कॅल्शियमच्या जागेत बरोबर बसतो आणि बसला की उठायचं नाव घेत नाही. हृदयाचा ठोका, स्नायूचं आखडणं, नसेतून निरोप जाणं, सगळं कॅल्शियमच्या ये-जा करण्यावर चालतं. तिथे हा पाहुणा दारात ठाण मांडून बसला तर काय होईल, बघ.

म्हणून माणसाला देताना त्याला कीलेट करतात. हा शब्द खेकड्याच्या नांगीसाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून आला. बाजारात चिंबोरी घेताना कोळीण सांगते ना, नांगी सांभाळ, धरलं तर सोडायची नाही. तसा एक मोठा सेंद्रिय रेणू धातूला चहूबाजूंनी कवटाळतो. नेहमीचा डोस किलोमागे 0.1 मिलिमोल. साठ किलोच्या बाईच्या अंगात जवळजवळ एक ग्रॅम गॅडोलिनियम जातं! पण नांगीत धरलेलं. मूत्रपिंड धड असेल तर दीडेक तासात निम्मं लघवीवाटे बाहेर. काकूचा क्रिएटिनीनचा रिपोर्ट आधी मागितला आणि तिने कटकट केली, तो यासाठीच. मूत्रपिंड निकामी असलेल्या काही रुग्णांची कातडी चामड्यासारखी घट्ट होत गेली आणि 2006 मध्ये ऑस्ट्रियाच्या ग्रोबनर या डॉक्टरने त्याचा संबंध या इंजेक्शनशी लावला. औषध अंगात रेंगाळलं की नांगी सैल पडते. काही रेणू धातूभोवती पूर्ण पिंजरा करतात, काही दोन टोकं उघडी असलेल्या दोरीसारखे असतात. दोरीवाल्यांपैकी बरेचसे 2017 मध्ये युरोपने वापरातून काढले.

तुझ्या बाटलीत नांगीही नाही आणि पिंजराही नाही. पाण्यात टाकलंस की धातू मोकाट. आणि संशोधनाला तो तसाच मोकाट हवा असतो.

आमच्या काळात लॅबमध्ये तो मागवला जायचा दोन कामांसाठी. एक यकृताचं. यकृतातल्या बारीक रक्तवाटांच्या कडेला राखणदार पेशी बसलेल्या असतात, रक्तातला कचरा आणि जंतू गिळणाऱ्या. कुप्फरने 1876 मध्ये त्या पाहिल्या, तेही गोल्ड क्लोराइडने रंगवून. सोन्याच्या क्लोराइडने दिसलेल्या पेशी पुढे गॅडोलिनियमच्या क्लोराइडने गप्प करतात, याची मला अजून गंमत वाटते. उंदराच्या शेपटीच्या शिरेतून किलोमागे 10 मिलिग्रॅम दिलं की कुप्फर पेशी ते गिळतात आणि त्यातल्या मोठ्या, खादाड पेशी मरतात. काही दिवसांत नव्या येतात. मधल्या दिवसांत तुला राखणदाराशिवायचं यकृत बघायला मिळतं.

बघायचं काय? 1982 च्या गिरणी संपानंतर आमच्या चाळीत पोट फुगून, डोळे पिवळे होऊन गेलेली माणसं मी पाहिली आहेत. दारूने यकृत जळतं एवढंच तेव्हा सगळे म्हणायचे. 1994 मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाला थर्मन यांच्या गटाने उंदरांना नळीने सतत दारू दिली आणि काहींच्या कुप्फर पेशी गॅडोलिनियम क्लोराइडने आधी गप्प केल्या. त्या उंदरांच्या यकृतात चरबी आणि सूज कमी निघाली. म्हणजे आग लावण्यात दारूबरोबर घरच्या राखणदाराचाही हात. मी तो पेपर परळच्या लायब्ररीत उभ्या उभ्या वाचला होता.

पण 1997 मध्ये दुसरा पेपर आला. हेच क्लोराइड यकृतातलं सायटोक्रोम पी-450 पण घटवतं. कार्बन टेट्राक्लोराइडसारखं द्रव्य त्या एन्झाइमने हात लावल्याशिवाय विषारी होत नाही. मग उंदीर राखणदार गेल्यामुळे वाचला, की विष तयारच कमी झालं म्हणून? पुष्कळांना आपले जुने आकडे पुन्हा काढून बसावं लागलं. हल्ली कुप्फर पेशी घालवायला क्लोड्रोनेट भरलेले लायपोसोम जास्त वापरतात. तुझे सर क्लोराइडच वापरा म्हणत असतील तर का, हे विचार. घाबरू नकोस, चांगला माणूस रागावत नाही.

दुसरं काम ताणाचं. पेशीला ओढलं की तिच्या पडद्यातली काही छिद्रं उघडतात. 1989 मध्ये यांग आणि सॅक्स यांनी बेडकाच्या अंड्यांवर दाखवलं की लिटरमागे 10 मायक्रोमोल गॅडोलिनियम ही छिद्रं बंद करतं. पुढची पंधराएक वर्षं जगात जिथे तिथे 'ताणाचं छिद्र आहे का, टाक गॅडोलिनियम' असं चाललं. पायझो या छिद्रांचा शोध 2010 चा, त्यावर पुढे 2021 मध्ये नोबेल. तीही याने बंद होतात. पण साधी कॅल्शियमची छिद्रंही होतात, हे विसरू नकोस. आणि गंमत अशी की पॅराथायरॉइडच्या पेशीला हाच आयन 'कॅल्शियम वाढलंय' असा निरोप देतो. 1993 मध्ये तो कॅल्शियम ओळखणारा रिसेप्टर शोधताना गॅडोलिनियमचीच मदत घेतली होती. एका दाराला कडी, दुसऱ्या दाराची बेल.

आता माझी फजिती ऐक. उंदराच्या हृदयाची पट्टी ताणून मी सहा आठवडे गॅडोलिनियम टाकत होते. परिणाम शून्य. वहीत ठसठशीत लिहिलं: परिणाम नाही. एका संध्याकाळी नळ्या धुताना एक नळी सहज ट्यूबलाइटसमोर धरली. तळाशी ताकासारखं पांढुरकं. आमच्या द्रावणात बायकार्बोनेटही होतं आणि फॉस्फेटही. दोघांशीही गॅडोलिनियम साका धरून खाली बसतं. मी सहा आठवडे पट्टीला गॅडोलिनियम देतच नव्हते, नळीच्या तळाला देत होते. पुढे 1998 मध्ये एका अमेरिकी गटाने नेमकी हीच ताकीद छापली, तेव्हा मी ती वाचून एकटीच हसले. उपाय सोपा: हेपेस बफर, फॉस्फेट-बायकार्बोनेट नाही, ईडीटीए तर नाहीच, कारण ती नांगीच आहे.

पण माझ्या लक्षात फार उशिरा आलेली गोष्ट वेगळीच. रक्तातही फॉस्फेट असतं. शेपटीत टोचल्यावर क्लोराइड तिथेही साका धरतं, बारीक कण होतात, आणि कुप्फर पेशी गिळतात ते हेच कण. ज्या गढूळपणाने माझा प्रयोग बुडाला, त्याच गढूळपणावर यकृताचा प्रयोग उभा आहे.

अजून एक, पावसाळ्याचं. क्लोराइडचे खडे हवेतलं पाणी ओढतात. जुलैत मुंबईत बाटली उघडी ठेवलीस तर मीठ पाझरतं तसे पाझरतील, आणि तराजू धातूऐवजी पाणी तोलेल. डेसिकेटरमध्ये ठेव. लेबलवर पाण्याचे सहा रेणू लिहिलेत का बघ. तसं असेल तर रेणुभार 371.7, कोरडं असेल तर 263.6. गणितात एकाच्या जागी दुसरा घेतलास तर डोस तीस-चाळीस टक्क्यांनी चुकतो. माझ्या एका ज्युनिअरने तसं केलं होतं. त्याचं नाव सांगत नाही, आता मोठा माणूस झालाय.

रविवारी येशील तेव्हा लेबलचा फोटो आणि बफरची कृती घेऊन ये. कृती वहीतली आण, डोक्यातली नको. काकूला सांग, कालपर्यंत भरपूर पाणी प्यायली असेल तर पुरे, उगाच घाबरू नको. आणि सकाळी लवकर निघालीस तर चिंबोऱ्या मिळतात का बघते, नांग्या मोडायला तुलाच बसवीन.

तुझी
माईआजी