नोंदवहीचे ऋण

शस्त्रक्रिया होऊन घरी गेलेल्या रुग्णाचे पुढे काय झाले, हे विचारण्याचे दायित्व कोणाचे? बॉस्टनचे शस्त्रवैद्य अर्नेस्ट कॉडमन यांनी शतकापूर्वी हा प्रश्न उभा केला, तेव्हा तो त्यांच्या व्यवसायबंधूंना रुचला नाही. कॉडमन यांनी आपल्या खाजगी रुग्णालयातील १९११ ते १९१६ या काळातील ३३७ रुग्णांची हकीकत छापली व तीत १२३ चुका नमूद केल्या. असे धैर्य आजही विरळाच!

आता हे काम संगणकावरील अफाट नोंदवह्या करतात. खुब्याच्या कृत्रिम सांध्यांची राष्ट्रीय नोंद स्वीडनने १९७९ साली सुरू केली, ऑस्ट्रेलियाने १९९९ साली. कोणता सांधा बसविला, तो पुन्हा काढावा लागला काय, एवढेच तीत मुख्यतः टिपले जाते. एका शस्त्रवैद्याच्या दोनचार रुग्णांचा सांधा बिघडला तर ते दुर्दैव वाटते. हजारो नोंदी शेजारी ठेवल्या म्हणजे त्या दुर्दैवामागील कारण दिसू लागते. एएसआर नावाच्या सांध्याचे असेच झाले. त्यात धातूवर धातू घासून कोबाल्ट व क्रोमियमचे सूक्ष्म कण सुटत आणि भोवतालच्या पेशींची हानी होई. हा सांधा इतरांपेक्षा अधिक वेळा काढावा लागतो, हे ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीने दाखविले. तेथून तो २००९ साली व जगभरातून ऑगस्ट २०१० मध्ये मागे घेण्यात आला.

आपल्या देशात सुमारे ४,७०० शस्त्रक्रियांत तो वापरला गेला होता. केंद्र सरकारच्या समितीने पुढे चौकशी केली, तेव्हा त्यांपैकी सुमारे ३,६०० रुग्णांचा ठावठिकाणाच लागला नव्हता. दोष कळला होता. परंतु तो ज्यांच्या देहात होता त्यांना सांगावे कसे?

येथे कोणी म्हणेल, माझ्या देहाची हकीकत माझी आहे. मला न विचारता ती संशोधकाच्या हाती का जावी? हा आक्षेप खरा आहे, आणि नाव गाळले म्हणजे तो मिटला असे मी मानीत नाही. स्वीडन व ऑस्ट्रेलियात रुग्णाला आपली नोंद वगळण्यास सांगता येते. तेवढी मोकळीक असावीच. तथापि आज ज्याला निर्धोक सांधा मिळतो, तो पूर्वी कोणाचा तरी सांधा बिघडला व ते टिपले गेले म्हणून. फळ घ्यावे आणि आपली नोंद तेवढी राखून ठेवावी, हे मला न्यायाचे वाटत नाही.

मात्र अधिक ऋण नोंद घेणाऱ्याच्या माथी आहे. आकडे फसवितात, नवा सांधा पुष्कळदा तरुण, धडधाकट रुग्णांना बसवितात, आणि वय न पाहता तुलना केली तर ती दिशाभूल करणारी ठरेल. तेव्हा घाईने निष्कर्ष काढून निबंध छापणे हाही रुग्णावर अन्यायच. शिवाय त्याच्या दुखण्यातून जे कळले ते प्रथम त्याच्या दारी पोहोचले पाहिजे, मग परिषदेत.

आपल्या घरी कोणाच्या खुब्यात वा गुडघ्यात कृत्रिम सांधा असेल, तर त्याचे नाव व क्रमांक असलेली चिठ्ठी रुग्णालयाच्या कागदांत आहे काय, ते आजच पाहावे. नसल्यास मागून घ्यावी.