रंग वाळू देत

चि. सईस आजीचे अनेक आशीर्वाद.

चंदीगडच्या ललित कला अकादमीच्या वार्षिक प्रदर्शनाला तू चित्रं पाठवणार आहेस हे वाचून फार आनंद झाला. तुझ्या हाताबद्दल मला कधी शंका नव्हतीच (पोळपाटावर सांडलेल्या पिठातसुद्धा तू बोटानं मोर काढायचीस), पण मुदत जवळ आली म्हणून पंधरवड्यात मोठं तैलचित्र संपवायचं म्हणतेस, तिथं जीव थोडा अडकला. बाळा, तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला प्राणवायू घेत सावकाश घट्ट होतं, जाड थर वरून कोरडा वाटला तरी आत महिनोन्‌महिने ओला राहतो, आणि तुमच्याकडच्या धुक्याच्या दिवसांत तर त्याला आणखीच वेळ लागणार.

तुमच्याकडून जवळच्याच शिमल्याची गोष्ट सांगते. 1935 साली तिथल्या कला संस्थेनं अमृता शेरगिलच्या एका चित्राला बक्षीस दिलं आणि काही चित्रं नाकारली, तेव्हा तिनं ते बक्षीस परत केलं. त्याच वर्षी तिनं तीन मुलींचं चित्र काढलं होतं, त्याला आपल्या बॉम्बे आर्ट सोसायटीनं सुवर्णपदक दिलं ते 1937 साली. मधल्या काळात चित्र काही बदललं नव्हतं गं. ते जसं होतं तसंच होतं, फक्त बघणारे डोळे वेगळे होते. म्हणून परीक्षकांचा निकाल मन लावून ऐक, पण त्यासाठी हात घाईला लावू नकोस.

आणि आपल्या नागपुरात जन्मलेले वासुदेव गायतोंडे! 1957 साली टोकियोत तरुण आशियाई चित्रकारांच्या प्रदर्शनात त्यांना पहिलं बक्षीस मिळालं. दुसरा कुणी असता तर मागणी आहे तोवर भराभर रंगवत सुटला असता, पण ते पुढंही वर्षाकाठी मोजकेच कॅनव्हास करत राहिले, बराच वेळ नुसते बसून, बघत. हे मला फार मोठं वाटतं. त्याच सुमारास तुमच्या चंदीगडात नेकचंद नावाचे सरकारी रस्ते निरीक्षक नोकरी सांभाळून फुटक्या बांगड्या, कपबश्या, दगड गोळा करत होते आणि रानात कुणाला न सांगता मूर्ती उभ्या करत होते. त्या मूर्तींचं रॉक गार्डन लोकांसाठी उघडलं 1976 साली, त्यांना पद्मश्री मिळाली 1984 साली. रविवारी तिथं जातेस ना? जात जा.

पहाटे उठायची सवय मोडू नकोस, दिव्याखाली लावलेला रंग उजेडात भलताच दिसतो, हे तूच मला सांगितलं होतंस. ब्रश त्याच दिवशी धुऊन ठेव, पॅलेटवर उरलेला रंग छोट्या अभ्यासचित्राला वापर.

माझं ऐकशील तर यंदा पावसाळ्यात पूर्ण केलेलं ते भाजीबाजाराचं जलरंगचित्र पाठव, तैलचित्र पुढच्या वर्षी. अर्ज शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस, आणि चित्राची मापं फ्रेमसकट लिहायची की फ्रेमशिवाय, ते आधी विचारून घे. फ्रेमचे पैसे बाबांकडे दिले आहेत. साधी लाकडी पट्टी पुरे, उरतील त्यात चांगला कागद घे.

तुझी,
आजी