काजळापुरतं

बदलापूरहून सकाळची लोकल पकडायचे तेव्हा फाउंडेशन, कॉम्पॅक्ट, गडद लाल लिपस्टिक, सगळं घरूनच लावून निघायचे. लिपस्टिक उल्हासनगरच्या बाजारातली. आता ५६व्या वर्षी पावडर डोळ्यांखालच्या रेषांत जाऊन बसते. बोटाने काजळ ओढते, बारीक टिकली लावते, झालं.

नणंद म्हणाली, "वहिनी, वैराग्य आलं की काय?" ते मनात राहिलं.

सोमवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात गेले. शके ९८२, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेलं हे शिलाहारांचं देऊळ. बाहेरच्या भिंतीपाशीच थांबले: दगडी स्त्रियांचे हार, मेखला, बांधलेले केस; काहींची नाकं झिजली आहेत, पण उभं राहण्यातला डौल तसाच. मग मंडपातून पायऱ्या उतरून गाभाऱ्यात. खाली साधी पिंड, वर उघडं आभाळ.

बांधणाऱ्याला नटण्याची लाज वाटली नव्हती. देवाकडची वाट त्याने त्या नटलेल्या भिंतींमधूनच नेली. म्हणून शृंगाराला माया म्हणून झटकणं मला पटत नाही. मी काही टाकलेलं नाही. बाहेरची प्रदक्षिणा मनापासून केली, आता आत उतरते आहे.

वर येऊन पदराने घाम पुसला. काजळ जरा पसरलं. तसंच राहू दिलं आणि रिक्षाकडे निघाले.