नाही म्हणणारा वस्तरा

न्हाव्यानं एखाद्या गिऱ्हाइकाला नाही म्हटलं तर त्यात गैर काय? हात त्याचा, वस्तरा त्याचा, दुकान त्याचं. परवा बैठकीत आपल्याच एका पोरानं हा सवाल टाकला. वर म्हणाला, 'तोबी गरीबच हाय ना बाप्पा. त्याच्यावर केस टाकून काय भेटते?' काहीजण हसले. मला हसू आलं नाही. सवाल खरा आहे, आणि चळवळीतल्या माणसानं तो टाळू नये.

आधी हा नकार कुणाचा ते पाहू. साताऱ्यात सुभेदार रामजींच्या घरी न्हाव्याला द्यायला पैसे होते. गावात न्हावीही होते. तरी भावंडांचे केस थोरली बहीण कापायची. कापून कापून तिचा हात बसला होता. कारण अस्पृश्याच्या डोक्याला हात लावायला एकही न्हावी राजी नव्हता. हे बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हशी भादरणारा वस्तरा आपल्या डोक्याला लागला की बाटायचा, असं आपली म्हातारी माणसं सांगतात.

पण तो वस्तरा न्हाव्याच्या मर्जीनं चालत होता का? न्हावी बलुतेदार, महारही बलुतेदार. दोघांचा दाणा एकाच खळ्यावरून यायचा, आणि खळं पाटलाचं, आपल्याकडे मालगुजाराचं. न्हाव्यानं महारवाड्यात धोकटी उघडली की त्याचं बलुतं बंद, जातीतून बाहेर. म्हणजे 'नाही' हा शब्द निघायचा न्हाव्याच्या तोंडातून, पण तो त्याचा नव्हता. वरून बसलेली लाथ त्यानं खाली सरकवली आणि त्या बदल्यात एक पायरी वर उभं राहण्याची सोय करून घेतली. बाबासाहेब श्रेणीबद्ध विषमता म्हणतात ती हीच.

न्हाव्याचा दुसराही एक नकार इतिहासात आहे. १८९० साली मुंबईत न्हाव्यांनी सभा घेतली आणि विधवांचं केशवपन आम्ही करणार नाही असं ठरवलं. पुढाकार नारायण मेघाजी लोखंड्यांचा. लोखंडे म्हणजे गिरणी कामगारांचे पुढारी आणि जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी. तोही वस्तराच, तेही 'नाही'च. मग एका नकाराला आपण सलाम करतो आणि दुसऱ्याला गुन्हा म्हणतो, हा दुटप्पीपणा झाला का?

माझ्या मते नाही. नकाराची किंमत कोण मोजतो ते बघा. मुंबईच्या न्हाव्यांनी आपल्या पोटाला चिमटा घेतला, तो दुसऱ्याची बेअब्रू थांबावी म्हणून. गावच्या न्हाव्यानं आपलं पोट आणि पत राखली, ती दुसऱ्याची बेअब्रू करून. पहिला नकार कामाला होता, दुसरा माणसाला. 'हे काम मी करणार नाही' असं म्हणायचा हक्क प्रत्येक कष्टकऱ्याला आहे. 'हे काम मी सगळ्यांचं करीन, तुझं नाही' हा हक्क नव्हे, ही जात आहे.

आता कुणी म्हणेल, कशाला गावच्या न्हाव्याच्या दारात जाता? शहरात या. ते खरंच आहे. आमच्या कळमन्यात मार्केट यार्डाच्या बाजूला टिनाच्या टपरीत बाहेरगावचा न्हावी बसतो. हमाल, ट्रकवाले, मिरचीची पोती उचलणारे, सगळे त्याच खुर्चीत. तो विचारतो ते एवढंच, 'बारीक की मिडीयम?' याच भागातलं एक पोरगं शिकायला परदेशात गेलं. तिथल्या न्हाव्यानं विचारलं, कुठला? हा म्हणाला, इंडिया. विषय संपला. पोरगं फोनवर म्हणालं, 'काका, इथं डोकं फक्त डोकं असते.'

त्याचा आनंद खोटा नाही. बाबासाहेबांनीही लिहिलंय की परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत हे ते विसरूनच गेले होते. पण पुढं काय झालं? १९१७ साली ते बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना म्हणून पारशी नाव घेऊन पारशांच्या धर्मशाळेत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात उभी राहिली. नाव कळलं, जागा गेली.

म्हणून मला वाटतं, ओळख नसल्यामुळं मिळते ती समता नव्हे, ती सुट्टी आहे. सुट्टी संपते. जात आता विमानात बसून जाते. २०२३ साली अमेरिकेतल्या सिअॅटल शहराला जातीच्या भेदभावाविरुद्ध कायदा करावा लागला, तो काय उगीच? आणि गोऱ्यांचा न्हावी तरी सगळ्यांचा कुठं होता? १९६४ साली ओहायोतल्या येलो स्प्रिंग्ज गावात एका न्हाव्यानं काळ्या माणसांना खुर्ची नाकारली. म्हणाला, मला त्यांचे केस कापता येत नाहीत. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, शंभरावर अटका झाल्या, दुकान बंद पडलं. त्याच वर्षी तिथं नागरी हक्कांचा कायदा झाला. त्यात हॉटेलं आली, खानावळी आल्या, थिएटरं आली. रस्त्यावरचं साधं न्हाव्याचं दुकान मात्र नावानं आलं नाही.

आपल्या कायद्यात ते आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत 'दुकान' या शब्दाचा अर्थ विचारला गेला. बाबासाहेबांच्या उत्तराचा मतलब असा की, येईल त्याला सेवा द्यायला मालक जिथं बसलाय ती जागा म्हणजे दुकान. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात, म्हणजे आजच्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात, दुकानाच्या व्याख्येत केशकर्तनालय नाव घेऊन लिहिलंय. ज्याच्या बहिणीला घरात कात्री धरावी लागली त्या माणसाला हा शब्द किती जड आहे ते ठाऊक होतं.

तेव्हा त्या पोराच्या सवालाला माझं उत्तर असं. केस टाकायची. गरिबी ही दुसऱ्याचं माणूसपण नाकारायची परवानगी नव्हे. पण केस टाकून घरी जायचं नाही. ज्या गावात न्हावी आपल्या पोराला खुर्चीत बसवेल आणि त्यापायी गाव त्याच्यावर बहिष्कार घालील, तिथं त्याच्या चुलीला दाणा आपण पोचवायचा. त्याच्या भीतीमागं उभा असलेला मालगुजार तेव्हाच उघडा पडेल. आणि 'हजाम' ही शिवी आपल्याही तोंडातून जायला पाहिजे. कात्री धरणारा हात हलका समजणारा माणूस जात मोडायला निघालाय, हे कोण खरं मानील?

वस्तऱ्याखाली मान देणं हा साधा व्यवहार नाही. केसानं गळा कापणाऱ्या या समाजात आपण दुसऱ्याच्या हाती धार देऊन डोळे मिटतो. तो विश्वास नाव लपवून मिळवायचा नाही. खुर्चीत बसायचं, मोहल्ला सांगायचा, जयभीम म्हणायचं. तोच न्हावी, तोच आरसा, तेच फडकं. तो ओळखून हात लावील त्या दिवशी आपली कटिंग झाली असं म्हणू.