एलियाची झोप



गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारच्या पहिल्या मिस्सेत प्रवचन सुरू असताना तिसऱ्या बाकावरची एक भगिनी पेंगत असल्याचे आमच्या लक्षात आले. आम्ही नाव घेतले नाही. पण गेथशेमनी बागेत झोपी गेलेल्या शिष्यांचा दाखला देऊन, प्रभूसाठी तासभरही जागता न येणाऱ्या भक्तीबद्दल चार शब्द सुनावले. काहीजण हसले. ती दचकून जागी झाली. मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत येऊन म्हणाली, "फादर, माफ करा. डोळा लागला."

विचारपूस केली तेव्हा कळले की तिच्या सासूबाई आठ महिन्यांपासून अंथरुणाला खिळल्या आहेत. रात्री दोन-तीनदा त्यांची कूस बदलावी लागते. नवऱ्याला पहाटेची लोकल धरायची असते, म्हणून साडेतीनला उठून डबा करायचा. कॉलेजात जाणारा मुलगा रात्री उशिरा जेवतो. त्याचे ताट उचलल्याशिवाय हिची पाठ अंथरुणाला लागत नाही. हिशेब केला तर झोप जेमतेम चार तास, तीही तुटकतुटक. माफी तिने मागितली. खरे तर ती आम्ही मागायला हवी होती. नंतर मागितलीही. तिच्या परवानगीनेच हे लिहीत आहोत.

त्या रात्री आम्ही राजांच्या पहिल्या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय उघडला. ईजबेल राणीच्या भीतीने एलिया संदेष्टा पळाला आहे. रानात एका झुडपाखाली बसून तो देवाकडे मरण मागतो आणि तिथेच झोपी जातो. देव काय करतो? रागावत नाही, उपदेशही करीत नाही. देवदूत येतो, त्याला हलकेच उठवतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचे भांडे असते. एलिया खातो, पितो आणि पुन्हा आडवा होतो! देवदूत त्यालाही हरकत घेत नाही. दुसऱ्यांदा येऊन पुन्हा खाऊ घालतो. मगच तो थकलेला माणूस चाळीस दिवस चालत होरेब पर्वतावर पोहोचतो आणि तिथे देवाचा मंद आवाज ऐकतो. देवाने आधी झोपू दिले, मग काम सांगितले. आम्ही नेमके उलट केले होते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांच्या 'सुम्मा' ग्रंथात दुःखावरचे उपाय वाचले होते. अश्रू, मित्रांची सहानुभूती, सत्याचे चिंतन आणि त्यांच्याच रांगेत झोप व स्नान! तेव्हा आम्हा विद्यार्थ्यांना हसू आले होते. आज त्यातले शहाणपण कळते. माणूस म्हणजे देहात कोंडलेला आत्मा नव्हे. देह आणि आत्मा मिळून एक माणूस होतो. देह मोडला की प्रार्थनाही मोडते. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नियम लिहिला, तेव्हा रात्रीच्या प्रार्थनेची वेळ ठरवतानाही त्यांची झोप पुरी व्हावी याची काळजी घेतली.

डॉक्टर सांगतात, प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास आणि किशोरवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप हवी. अपुऱ्या झोपेने रक्तदाब, मधुमेह, वजन वाढणे यांचा धोका वाढतो; स्मरणशक्ती मंदावते, चिडचिड वाढते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात १७ ते १९ तास सलग जागी असलेली माणसे काही चाचण्यांत, १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असलेल्यांइतकी किंवा त्याहूनही मंद ठरली. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे पहाटे साडेतीनला उठलेला माणूस रात्री नऊला स्कूटरवर बसतो, तेव्हा दारूचा थेंब न घेताही तो धोक्यात असतो आणि इतरांनाही धोक्यात घालतो.

पाचवी आज्ञा 'खून करू नको' एवढेच सांगून थांबत नाही. देवाने दिलेल्या आरोग्याची वाजवी काळजी घ्या, असेही ख्रिस्तसभा तिच्याखाली शिकवते. आणि सातवी आज्ञा चोरीविरुद्ध आहे. दुसऱ्याची झोप घेणे ही चोरी नव्हे काय?

कुणी म्हणेल, प्रभूनेच जागे राहायला सांगितले ना? होय. तो स्वतः रात्र-रात्र प्रार्थनेत जागला. आजाऱ्याच्या उशाशी केलेले जागरणही पवित्रच आहे. पण तो भार एकटीवर टाकून बाकीचे घर घोरत असेल, तर तिचे जागरण पवित्र आणि आपली झोप मात्र अन्यायाची. शिवाय गेथशेमनीत शिष्यांना उठवताना प्रभूने त्यांच्या देहाचा दुबळेपणाही ओळखला होता. नेमके तेच आम्ही त्या रविवारी सांगायचे विसरलो.

म्हणून तीन विनंत्या. पहिली: आज रात्री घरात विचारा, सर्वांत शेवटी कोण झोपते आणि सर्वांत आधी कोण उठते? उत्तर एकच नाव असेल, तर कामे वाटून घ्या. आपले ताट आपण उचलावे. जपमाळ जेवणाआधी व्हावी, मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर राहावा. दुसरी: लग्नघरातला ध्वनिक्षेपक दहाला बंद करा. रात्री १० ते सकाळी ६ हा शांततेचा काळ कायद्यानेच ठरवला आहे. शेजारच्या बाळाला, आजाऱ्याला, परीक्षेच्या मुलाला तो मिळू द्या. तिसरी: वाडीत कुणी अंथरुणाला खिळलेले असेल, तर आठवड्यातली एक रात्र तुम्ही घ्या. ज्यांना प्रयत्न करूनही झोप येत नाही, किंवा जे मोठ्याने घोरून दिवसभर पेंगतात, त्यांनी अपराधी न वाटून घेता डॉक्टरांना भेटावे.

वादळात प्रभू होडीत उशीवर डोके ठेवून झोपला होता. पित्यावर त्याचा तेवढा भरवसा होता. झोपताना आपणही हेच कबूल करतो की जग आपण चालवत नाही. रात्रीही ते चालवणारा दुसरा आहे. दिवसाची तपासणी करावी, चुकलेल्याची क्षमा मागावी, उरलेले काम त्याच्या हाती द्यावे आणि दिवा मालवावा.

त्या भगिनीचा मुलगा आता आठवड्यातल्या दोन रात्री आजीजवळ झोपतो. शेजारच्या घरातूनही एक रात्र मिळाली आहे. मागच्या रविवारी तिसऱ्या बाकावर तिला पुन्हा किंचित डुलकी लागली. आम्ही आवाज थोडा खाली घेतला.

प्रभू तुम्हां सर्वांना शांत झोप देवो!

प्रभूमध्ये तुमचे,
प्रमुख धर्मगुरू