मानधन आणि मजुरी

काही वर्षांपूर्वी बडोद्यात एका चर्चासत्रात मी तीन दिवस दुभाष्याचं काम केलं. शेवटच्या संध्याकाळी व्यवस्थापकांच्या टेबलावर दोन कागद होते. एकावर मी सही केली. त्यावर 'मानधन' लिहिलं होतं आणि दहा टक्के टीडीएस कापला होता. दुसरं साधं व्हाउचर होतं. त्यावर खुर्च्या मांडणाऱ्या, चहा देणाऱ्या विशीतल्या तरुणानं सही केली. तीन दिवसांची मजुरी, रोख. त्याच्या डाव्या हाताला पट्टी होती. आदल्या दिवशी चहाचं पातेलं उतरवताना हात भाजला होता. व्यवस्थापकांनी पाचशे रुपये वर दिले. म्हणाले, "माणुसकी म्हणून."

त्या वेळी मला बरं वाटलं. परतीच्या गाडीत मात्र तेच शब्द टोचू लागले. माणुसकी म्हणून, म्हणजे देणं लागतो म्हणून नव्हे. दुसरा व्यवस्थापक असता आणि त्यानं काहीच दिलं नसतं, तर त्याला कुणी जाब विचारू शकलं नसतं.

आम्ही दोघंही सांगितलेल्या वेळी आलो, सांगितलेल्या जागी उभे राहिलो, 'जा' म्हटल्यावर गेलो. पण १९६१च्या प्राप्तिकर कायद्यात कर कापण्याचे कप्पे वेगवेगळे होते. नोकराचा पगार कलम १९२मध्ये, कंत्राटदाराची रक्कम १९४सीमध्ये, व्यावसायिकाचं शुल्क १९४जेमध्ये. मी या शेवटच्या कप्प्यात बसले. पुढे विवरणपत्र भरलं आणि कापलेल्यातला काही कर परतही मिळाला. त्या तरुणाला कप्पाच नव्हता. कर नाही म्हणून नोंद नाही, हे काहींना त्याचं सुख वाटेल. पण साबण घेताना, मोबाइलचं रिचार्ज करताना तोही जीएसटी भरतोच. घेताना सरकारला त्याचं नाव लागत नाही. हात भाजल्यावर मात्र 'तू कुणाचा माणूस?' हा प्रश्न पहिला येतो.

कायद्याच्या इंग्रजीत 'कॉन्ट्रॅक्ट ऑफ सर्व्हिस' आणि 'कॉन्ट्रॅक्ट फॉर सर्व्हिस' असा भेद आहे. मराठीत आणायचा तर 'सेवेचा करार' आणि 'सेवेसाठी करार'. अनुवादकाला हा एका प्रत्ययाचा फरक वाटतो. प्रत्यक्षात भविष्यनिर्वाह निधी, पगारी रजा, ग्रॅच्युइटी, नुकसानभरपाई असं बरंच काही त्यावर अवलंबून असतं. आणि कागदावर कोणता शब्द पडायचा, हे बहुधा पैसे देणाराच ठरवतो.

न्यायालयांनी या शब्दांमागे पाहिल्याचीही उदाहरणं आहेत. कच्छच्या रणाकाठच्या मिठागरांतले अगरिये हंगामापुरते येत. हजेरीपट नव्हता, कामाचे तास ठरलेले नव्हते, मोबदला मिठाच्या वजनावर मिळे, मदतीला माणसंही ते स्वतःच लावत. हे स्वतंत्र कंत्राटदार आहेत, असं कंपनीचं म्हणणं होतं. १९५६ साली सर्वोच्च न्यायालयानं ते मानलं नाही. अगरिये स्वतः राबतात आणि त्यांच्या कामावर कंपनीची देखरेख असते, म्हणून ते कामगारच, असा निकाल दिला. २०२२ साली अंगणवाडी सेविकांच्या प्रकरणात याच न्यायालयानं त्यांचं मानधन हे वेतनच धरलं आणि त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क दिला.

'मानधन' या शब्दाशी माझं भांडण इथेच सुरू होतं. तो मला आवडत होता, कारण त्यात 'मान' आहे. शिवाय मला नोकरी नकोच आहे. नको ते काम नाकारण्याची मोकळीक मला हवी आहे. ही मोकळीक खरी आहे, पण ती 'नाही' म्हटल्यावरही ज्याच्या घरी चूल पेटते त्याची. खुर्च्या मांडणाऱ्याला तीच मोकळीक बहाल केली, तर ती त्याच्या नव्हे, मालकाच्या सोयीची होते.

२०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत 'गिग कामगार' आला. मालक आणि नोकर या पारंपरिक नात्याच्या बाहेर राहून कमावणारा, अशी त्याची ओळख. कायद्यानं त्याला नाव दिलं, हे थोडं नाही. पण ते नाव तो कशात बसत नाही एवढंच सांगतं.

मला वाटतं, काम तीन दिवसांचं असेल तर जबाबदारीही तीन दिवसांचीच असावी, पण त्या तीन दिवसांत ती पुरी असावी. वेळ आणि जागा जो ठरवतो, कष्टांचा लाभ जो घेतो, त्या तासांपुरता कामावरच्या माणसाचा हातही त्याच्याच जबाबदारीत येतो. कागदावर शब्द कोणताही असो.

हे लिहिताना आठवलं, की मीही कुणाला तरी काम देते. मागच्या महिन्यात एका टंकलेखकानं माझं हस्तलिखित टाइप केलं. मी मध्येच दोन प्रकरणं बदलली आणि त्यानं ती पुन्हा टाइप केली. हिशेब करताना मी शेवटच्या प्रतीचीच पानं मोजली आणि पाकिटावर 'मानधन' लिहिलं. नंतर चूक लक्षात आली. त्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "राहू द्या ताई, एवढं काय!"

मी पानं पुन्हा मोजली.