तिच्या वतीने कोण बोलणार?

यरुशलेमहून यरीहोकडे उतरणाऱ्या त्या वाटसरूचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. प्रवचनात आम्ही धर्मगुरू त्यातल्या शोमरोन्याचे गुण गातो, याजक आणि लेवी ह्यांना दोष देतो (आणि मनातल्या मनात जरा चपापतोही), परंतु त्या दाखल्यात काय नाही ह्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. लुटारूंचे पुढे काय झाले हे प्रभू येशू सांगत नाही. ते पकडले गेले काय, त्यांना शिक्षा झाली काय, पश्चात्ताप झाला काय, ह्याविषयी संत लूकच्या शुभवर्तमानात अवाक्षर नाही. सगळा दाखला रस्त्याच्या कडेला अर्धमेला पडलेल्या माणसाभोवती फिरतो. त्याच्या जखमा, त्यांवर ओतलेले तेल आणि द्राक्षारस, त्याला वाहून नेणारे जनावर, उतारशाळा आणि उतारशाळेच्या मालकाच्या हातावर ठेवलेले दोन दिनार.

आपल्या न्यायव्यवस्थेत नेमके ह्याच्या उलट घडत आले. तेथे सारे लक्ष लुटारूकडे. खटल्याचे नावच पाहावे: महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक अमुक. गुन्हा राज्याविरुद्ध घडला असे कायदा मानतो. ह्या कल्पनेमागे मोठे शहाणपण आहे, हे आधीच कबूल केले पाहिजे. सुडाचे चक्र थांबावे, दुबळ्याला न्यायासाठी भावकीच्या लाठ्यांवर अवलंबून राहावे लागू नये, म्हणून राज्याने जखमी माणसाची बाजू आपल्या शिरावर घेतली. मात्र ती घेता घेता तो माणूसच बाजूला पडला. आरोपीला त्याचा वकील असतो, राज्याला सरकारी वकील असतो. ज्याचे रक्त सांडले तो केवळ एक साक्षीदार. साक्ष आटोपली की त्याचे कामही आटोपले. पुढे आरोपीला जामीन मिळाला, खटला काढून घेतला गेला, अपील झाले, तरी त्याला कळविण्याची गरज कुणाला भासत नसे.

हा प्रश्न पुस्तकी वाटू नये म्हणून मुंबईतल्या एका घटनेकडे वळतो. ती आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे, परळच्या के. ई. एम. रुग्णालयात आपल्या समाजाच्याही कितीतरी मुलींनी परिचारिकेचा पांढरा वेष घातला आहे. अरुणा शानबाग ही कर्नाटकातल्या हळदीपूरची मुलगी तेथे परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी रुग्णालयाच्याच तळघरात तेथल्या एका सफाई कामगाराने कुत्र्याच्या साखळीने तिचा गळा आवळला आणि तिच्यावर अत्याचार केला. ती दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली. मेंदूचा प्राणवायू तुटल्यामुळे तिची दृष्टी, वाणी, हालचाल, सारे गेले. त्या अवस्थेत ती १८ मे २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे साडेएकेचाळीस वर्षे जगली. हल्लेखोरावर जबरी चोरी आणि खुनाचा प्रयत्न हे गुन्हे शाबीत झाले. त्याला दोन्हींसाठी सात सात वर्षांची शिक्षा झाली आणि ती एकत्रच भोगायची होती. १९८० मध्ये तो सुटला. लैंगिक अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही. रुग्णालयातल्याच एका डॉक्टरांशी तिचे लग्न ठरलेले होते. तिची बदनामी होऊ नये, ह्या हेतूने ती तक्रार पुढे आली नाही.

ह्या हेतूपाशी क्षणभर थांबले पाहिजे. तो दुष्ट हेतू नव्हता. आपल्या घरांतही असेच बोलले जाते: झाले ते झाले, आता पोरीचे नाव कशाला चव्हाट्यावर आणायचे? परंतु ह्या विचारात एक भयंकर गृहीतक दडलेले आहे. अब्रू गेली ती हिची, त्याची नव्हे! चोरी झालेल्या घराच्या मालकाला आपण कधी लाजायला सांगत नाही. येथे मात्र जिच्यावर अत्याचार झाला तिलाच आपण झाकतो आणि त्या पांघरुणाखाली अत्याचार करणाराही आपोआप झाकला जातो. पीडितेचे नाव प्रसिद्ध करू नये हा कायदा योग्यच आहे. नाव झाकावे, गुन्हा झाकू नये.

अरुणाची वाणी गेली होती. मग तिच्या वतीने कोण बोलणार? रस्त्याच्या कडेला पडलेला वाटसरूही दाखल्यात एक शब्द बोलत नाही. खरे तर पीडिताच्या हक्कांचा सगळा विचार ह्याच प्रश्नापासून सुरू होतो. योगायोग असा, की ज्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या नावात १९७३ हे साल आहे, त्या संहितेत तेव्हा 'पीडित' ह्या शब्दाची व्याख्याच नव्हती. न्यायालयाला वाटल्यास आरोपीकडून काही भरपाई त्याला देवविता येई, एवढेच. संयुक्त राष्ट्रसंघाने १९८५ मध्ये गुन्ह्यांच्या बळींसाठी न्यायाच्या मूलतत्त्वांचा जाहीरनामा मंजूर केला. आपल्या संहितेत सुधारणा झाली ती २००८ साली आणि अमलात आली ३१ डिसेंबर २००९ रोजी. त्या दिवसापासून पीडिताला कायद्यात व्याख्या मिळाली, आरोपी निर्दोष सुटला तर स्वतः अपील करण्याचा हक्क मिळाला, आणि प्रत्येक राज्याने नुकसानभरपाईची योजना आखावी असे ठरले.

ह्या योजनेतला एक विचार मला फार महत्त्वाचा वाटतो. आरोपी सापडला नाही, त्याची ओळखच पटली नाही, तरीसुद्धा पीडित भरपाईसाठी अर्ज करू शकतो. आरोपी सुटला, तरी न्यायालय भरपाईची शिफारस करू शकते. ह्याचा अर्थ असा, की गुन्हेगाराकडून होणारी वसुली ही एक गोष्ट आणि समाजाने जखमी माणसाप्रती पार पाडायचे कर्तव्य ही दुसरी. शोमरोन्याने लुटारू सापडेपर्यंत वाट पाहिली नाही. दोन दिनार आपल्या पदरचे काढून दिले. महाराष्ट्र शासनाने अत्याचारित स्त्रिया व बालके आणि अॅसिडहल्ल्याचे बळी ह्यांच्यासाठी २०१३ मध्ये सुरू केलेली मनोधैर्य योजना ह्याच विचाराची आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेही हे हक्क राखले आणि त्यांत भर घातली. तपास कोठवर आला हे पोलिसांनी नव्वद दिवसांच्या आत फिर्यादी किंवा पीडिताला कळवले पाहिजे. सरकारला खटला काढून घ्यायचा असेल, तर न्यायालयाने आधी पीडिताला आपले म्हणणे मांडू दिले पाहिजे. आणि २०२२ मध्ये लखीमपूर खेरीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा जामीन रद्द करताना निःसंदिग्धपणे सांगितले, की पीडिताला तपासापासून अखेरपर्यंत प्रत्येक पायरीवर आपली बाजू मांडण्याचा हक्क आहे आणि तो राज्याच्या हक्काच्या आश्रयाने जगणारा नाही, स्वतंत्र आहे.

कागदावर हे सारे आहे. तालुक्याच्या न्यायालयाबाहेरच्या बाकड्यावर बसलेल्या बाईला ह्यातले किती ठाऊक असते, हा प्रश्न निराळा.

पवित्र शास्त्राशी परिचय असलेल्यांना ह्यात नवल वाटू नये. निर्गमच्या ग्रंथात नियमच आहे, की ज्याने मारहाण करून दुसऱ्याला अंथरुणाला खिळवले, त्याने त्याच्या बुडालेल्या दिवसांची भरपाई करावी आणि तो पूर्ण बरा होईपर्यंत त्याची काळजी वाहावी. संत थॉमस अक्वायनस क्षतिपूर्तीला न्यायाचाच भाग मानतात. ती औदार्याची बाब नव्हे. जक्कयने चौपट परत करण्याचे जाहीर केले आणि मग प्रभूने त्याच्या घरी तारण आल्याची घोषणा केली. हा क्रम आपण विसरतो. आम्हां धर्मगुरूंच्या घराण्यातही तो विसरला गेला आहे. १९८३ च्या आमच्या धर्मसंहितेत अल्पवयीनांवर धर्मगुरूने केलेला अत्याचार 'विशेष बंधनांविरुद्धचे अपराध' ह्या सदराखाली मोडत असे. म्हणजे अपराध घडला तो धर्मगुरूच्या व्रताविरुद्ध. मूल त्या वाक्यात कोठेच नाही! २०२१ साली सुधारणा झाली आणि तो मानवी जीवन, प्रतिष्ठा व स्वातंत्र्य ह्यांविरुद्धच्या अपराधांत आला. राज्याच्या कायद्याने जे केले तेच आमच्या कायद्यानेही केले होते, आणि अधिक काळ.

आता क्षमेविषयी. पीडिताच्या हक्कांची गोष्ट निघाली की आपल्या समाजात कुणीतरी हमखास म्हणतो, ख्रिस्ती माणसाने क्षमा करावी. खरेच आहे. प्रश्न असा, की कोणी? दोस्तोयव्हस्कीच्या १८८० च्या कादंबरीतला इव्हान करामाझोव्ह असे विचारतो, की ज्या मुलाला छळून मारले त्याच्या आईला तरी मारेकऱ्याला क्षमा करण्याचा अधिकार आहे काय. स्वतःच्या दुःखापुरती तिने हवी तर करावी. मुलाच्या यातनांची क्षमा तिच्या हाती नाही. इव्हान नास्तिकतेच्या कडेवर उभा राहून बोलतो, तरी त्याच्या ह्या प्रश्नाला श्रद्धावंतानेही सोपे उत्तर देऊ नये. अरुणाच्या वतीने त्या माणसाला क्षमा करण्याचा अधिकार कुणाला होता? रुग्णालयाला नाही, न्यायालयाला नाही, मला तर मुळीच नाही.

एका धर्मग्रामात मी असताना जमिनीच्या भांडणातून एका माणसाचा खून झाला. उपवासकाळात दोन्ही बाजूंना जवळची असलेली काही वडीलधारी मंडळी माझ्याकडे आली. म्हणाली, "फादर, तुम्ही तिला समजवा. तिने केस मागे घेतली की दोन्ही घरे पुन्हा देवळात येतील." मी त्या विधवेकडे गेलो. ती शांतपणे म्हणाली, "फादर, माझ्यापुरती क्षमा करायचा मी रोज प्रयत्न करते. पण कोर्टात मला खोटं बोलायला सांगू नका." मंडळींच्या लक्षात न आलेली गोष्ट तिने अचूक ओळखली होती. खुनाचा खटला विधवेने 'मागे घेता' येत नाही. मागे घेणे म्हणजे साक्ष फिरवणे, आणि साक्ष फिरवणे म्हणजे शपथेवर असत्य बोलणे. मी परत येऊन त्या मंडळींना आठवी आज्ञा तेवढी म्हणून दाखवली. त्यांना ते आवडले नाही.

क्षमा आणि न्याय ह्यांतली ही सीमारेषा ज्यांनी स्वतः दुःख भोगले त्यांना अधिक स्पष्ट दिसते, असा माझा अनुभव आहे. जानेवारी १९९९ मध्ये ओरिसातल्या मनोहरपूरला ग्रॅहॅम स्टेन्स आणि त्यांची दोन लहान मुले ह्यांना गाडीत जिवंत जाळण्यात आले. ग्लॅडिस स्टेन्स ह्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली हे जगाला ठाऊक आहे. २००३ मध्ये आरोपी दोषी ठरले, तेव्हा क्षमा आणि गुन्ह्याचे परिणाम ह्यांची गल्लत करू नये, असेही त्यांनी सांगितले. ते मात्र फारसे कुणाच्या लक्षात राहिले नाही. सिस्टर राणी मारिया ह्यांची २५ फेब्रुवारी १९९५ रोजी मध्य प्रदेशात बसमध्ये हत्या झाली. त्यांच्या धाकट्या भगिनी सिस्टर सेल्मी पॉल २००२ मध्ये तुरुंगात गेल्या आणि त्यांनी मारेकऱ्याला राखी बांधली. पुढे कुटुंबाच्या पाठिंब्याने २००६ साली त्याची सुटका झाली. येथेही खटला चालला होता, शिक्षा झाली होती, आणि दयेची मागणी ज्यांचे माणूस गेले त्यांच्याकडून आली होती. शेजाऱ्यांनी त्यांच्यावर ती लादली नव्हती.

उलट बाजूचा धोकाही मला दिसतो. पीडिताच्या नावाने जमाव गोळा करणारे, चौकाचौकात फाशीच्या घोषणा देणारे पुष्कळ असतात. त्यांना पीडिताच्या औषधपाण्याची चौकशी करताना मी क्वचितच पाहिले आहे. आरोपीला वकील मिळू नये, त्याला ठेचून मारावे, असे पीडिताचे हक्क सांगत नाहीत. चुकीचा माणूस फासावर गेला, तर पीडिताला न्याय मिळाला असेही म्हणता येत नाही.

अरुणाकडे परत येतो. लेखिका पिंकी विराणी ह्यांनी तिचे कृत्रिम अन्न थांबवावे अशी याचिका केली होती. ७ मार्च २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. दयामरणाचा मोठा प्रश्न त्या निकालात आहे. तो आजचा विषय नव्हे. मला त्यातला एक मुद्दा मोलाचा वाटतो. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार कुणाचा, ह्याचा निर्णय न्यायालयाला आधी करावा लागला. विराणींच्या तळमळीबद्दल आदर व्यक्त करून न्यायमूर्तींनी म्हटले, की हा अधिकार के. ई. एम. च्या कर्मचाऱ्यांचा, कारण रात्रंदिवस तिची शुश्रूषा त्यांनी केली. १९७३ मध्ये तिच्यासाठी संप करणाऱ्या परिचारिका निवृत्त झाल्या, तिच्या जन्मानंतर जन्मलेल्या मुली त्यांच्या जागी आल्या, पालिकेने तिला तेथून हलवण्याचा विचार केला तेव्हा त्या आडव्या उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत तिच्या अंगाला शय्याव्रण होऊ दिला नाही. ज्याने जखम धुतली त्याने बोलावे, हे न्यायालयाचे तर्कशास्त्र मला कोणत्याही पुस्तकातल्या तर्काहून पटते.

आपल्या धर्मग्रामांत मंडळे पुष्कळ आहेत. त्यांपैकी एखाद्याने एवढे काम हाती घ्यावे: ज्या घरावर असा प्रसंग ओढवला असेल, तेथून एकाला दर तारखेला न्यायालयात सोबत करणे. पहिल्या खबरीची प्रत विनामूल्य मिळते ती मागून घेणे, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईचा अर्ज लिहून देणे, नव्वद दिवस उलटले की पोलीस ठाण्यात जाऊन तपासाची चौकशी करणे. तारीख पुढे ढकलली जाईल. मग घरी येऊन नवी तारीख वहीत लिहायची आणि त्या दिवशी सकाळची पहिली बस धरायची.